सरांशी वाजलंय, आता पुण्याची टीम धरू का?

पत्र:

ताई, मी साताऱ्याचा, वय २०, टीवायला आहे. सातवीपासून बास्केटबॉल खेळतो, पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल वर आणणारा, आणि पहिल्यापासून एकाच सरांकडे. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका टीमची ट्रायल देऊन आलो, त्यांना मी आवडलो. सरांना सांगितलं नव्हतं, म्हटलं होईल न होईल. पण पोरांमध्ये फुटलं, एका इन्स्टा पेजने 'साताऱ्याचा गार्ड पुण्याच्या टीममध्ये?' असं टाकलं आणि मी ते फक्त घड्याळाचं इमोजी टाकून स्टोरीला लावलं. त्यानंतरच्या टुर्नामेंटला सेमीफायनलमध्ये सरांनी मला चौथ्या क्वार्टरला बसवलं ते बसवलंच, आम्ही तीन पॉइंटने हरलो. तिसऱ्या क्वार्टरला माझे चार फाउल झाले होते, पण तरी. मॅचनंतर विचारलं तर सगळ्या टीमसमोर म्हणाले, तुझं लक्ष पुण्यात आहे, तू पुण्यालाच जा. मी पण उलटं बोललो, जर्सी काढून बाकावर फेकली आणि निघून आलो. तेव्हापासून ग्राउंडवर गेलो नाही. पुण्यावाले पंधरा दिवसांत कळव म्हणतायत. सर एनओसी अडवतील अशी भीती वाटते. मित्र म्हणतात अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या जिमी बटलरने पण मायामीत राडा केला आणि त्याला नवी टीम मिळालीच की. घरी यातलं काही माहीत नाही. जाऊ का? की माफी मागू?

उत्तर:

जाऊ का आणि माफी मागू का हे तू एका दमात विचारलंयस आणि मला वाटतं सगळा घोळ तिथंच झालाय. तुझ्या डोक्यात असं बसलंय की माफी मागितली म्हणजे साताऱ्यात राहावं लागेल आणि पुण्याला जायचं म्हणजे सरांशी तोडूनच जायला पाहिजे. तसं काही नाही रे. माफी मागूनही जाता येतं, आणि सरांशी सगळं गोड झालं तरी जाणं बरोबर असू शकतं. विसाव्या वर्षी वरच्या लेव्हलला खेळायची इच्छा होणं यात गैर काय आहे, ट्रायल दिलीस यातही गैर नाही. सरांना ते इन्स्टावरून कळलं, हे मात्र व्हायला नको होतं.

आधी त्या मॅचचं बोलू, कारण तुझा सगळा राग त्या बेंचवर अडकलाय. तू चार फाउलचं एका ओळीत लिहून 'पण तरी' म्हणून पुढं गेलास, मी तिथंच थांबले. तू एनबीए खूप बघतोस असं दिसतंय. तिथं सहाव्या फाउलला बाहेर काढतात आणि क्वार्टर १२ मिनिटांचा असतो, त्यामुळे चार फाउलवर शेवटच्या क्वार्टरला खेळणारा गार्ड तिथं रोज दिसतो. आपण खेळतो फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाने, पाचव्या फाउलला खेळ संपला, क्वार्टर १० मिनिटांचा. म्हणजे तुझ्या हातात एकच फाउल उरला होता आणि पूर्ण क्वार्टर बाकी होता. अशा वेळी पॉइंट गार्डला बसवणं हा कुठल्याही कोचचा पहिला विचार असतो, कारण समोरची टीम मुद्दाम तुझ्यावरच ड्राइव्ह मारणार, तू हात आखडून डिफेन्स करणार आणि सोपे लेअप देणार, नाहीतर पाचवा फाउल करून बाहेर जाणार. हे सरांनी पुण्याच्या रागातून केलं असेल असं तुला वाटतंय, असेलही थोडा राग, मी नाही म्हणत नाही. पण बसवायला खेळातलं कारण होतं, आणि ते कारण तुझ्याच पत्रात आहे.

आता सरांची बाजू घेऊन बोलतेय असं समजू नकोस, कारण पुढचं मला पटलेलं नाही. शेवटची तीन चार मिनिटं राहिल्यावर तुला परत आत घ्यायला पाहिजे होतं असं मलाही वाटतं, एक फाउल राखून ठेवायचा तो शेवटी वापरायलाच ना, मॅच हातातून जात असताना राखून काय करणार. का घेतलं नाही ते सरांना विचारायचा तुला हक्क आहे. आणि सगळ्या टीमसमोर 'तू पुण्यालाच जा' म्हणणं चूकच. टीममधली लहान पोरं ऐकत असताना कोचने खेळाडूची निष्ठा काढायची नसते, ते बंद खोलीत बोलायचं असतं.

कोचचं असं एक वाक्य किती महागात पडतं याचं मोठं उदाहरण आहे. २०२१ च्या जूनमध्ये फिलाडेल्फियाची टीम अटलांटाकडून मालिकेची सातवी, निकालाची मॅच हरली, बेन सिमन्सने शेवटच्या क्वार्टरला रिंगखाली मोकळा असून स्वतः डंक न मारता पास दिला, आणि मॅचनंतर पत्रकारांनी कोच डॉक रिव्हर्सना विचारलं की हा पोरगा चॅम्पियन टीमचा पॉइंट गार्ड होऊ शकतो का, तर ते म्हणाले याचं उत्तर आत्ता माझ्याकडे नाही. झालं, तिथून बोलणंच थांबलं. सिमन्सने ट्रेड मागितला, म्हणजे मला दुसऱ्या टीमला द्या म्हणाला, टीममेट भेटायला येतो म्हणाले तर येऊ नका म्हणाला अशा बातम्या आल्या, ऑक्टोबरमध्ये प्रॅक्टिसला आला तर ड्रिलमध्ये उतरेना म्हणून कोचने बाहेर काढला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रुकलिनला ट्रेड झाला पण त्या सीझनला एकही मॅच खेळला नाही. पुढंही तो आधीचा सिमन्स परत दिसला नाही. त्यात पाठीचं दुखणं होतं, सगळा दोष भांडणावर टाकता येणार नाही, तरी ज्या महिन्यांत दोघांनी समोरासमोर बसायला पाहिजे होतं ते महिने असेच गेले. तू सध्या त्याच टप्प्यावर आहेस. सरांनी एक वाक्य बोलायचं ते बोलून झालं, तू जर्सी फेकलीस आणि आता दोघंही गप्प.

बटलरचं म्हणशील तर मित्रांनी तुला अर्धीच गोष्ट सांगितली. जानेवारी २०२५ मध्ये मायामीने त्याला एकदा नाही, तीनदा सस्पेंड केलं. पहिल्यांदा सात मॅच, मग टीमचं विमान चुकवलं म्हणून दोन मॅच, आणि शेवटी तू सुरुवातीला नाही, बेंचवरून उतरशील असं सांगितल्यावर तो प्रॅक्टिस सोडून निघून गेला तेव्हा मुदतच न सांगता. प्रत्येक मॅचचा पगार कापला. फेब्रुवारीत गोल्डन स्टेटने घेतला हे खरं. पण तो ३५ वर्षांचा होता, मायामीला दोनदा फायनलला नेलेला होता, त्याच्या मागं एजंट होता, खेळाडूंची युनियन होती, कागदावर करार होता. तो रुसून घरी बसला तरी त्याचं नाव राहतं. तू महिनाभर कोर्टवर गेला नाहीस तर पुण्यावाले दुसरा गार्ड बघतील, कारण ते नावाला नाही, पायातल्या वेगाला घेतायत. आणि खरं सांग, या दिवसांत रनिंग तरी चालू आहे का? पत्रात त्याचा उल्लेखच नाही, म्हणून विचारते.

अजून एक फरक आहे आणि तो तुझ्या फायद्याचा आहे. एनबीएत ट्रेड दोन टीम आपसात करतात, बहुतेक खेळाडूंना कोणी विचारतही नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत लुका डोंचिचला डॅलसने लेकर्सकडे देऊन टाकलं, त्याला स्वतःला कल्पना नव्हती, २५ वर्षांचा पोरगा, आधल्याच वर्षी टीमला फायनलला नेलेला. तुझं तसं नाही. तुला कोणी विकत नाहीये, जायचं की नाही हे तूच ठरवणार आहेस. म्हणजे ही चर्चा थांबवणंही तुझ्याच हातात होतं. पेजने प्रश्नचिन्ह टाकलं होतं, तू घड्याळ लावून त्याला हो म्हणालास. सरांनी ती स्टोरी पाहिली असणार, किंवा कोणीतरी ग्राउंडवर येऊन मोबाइल त्यांच्यासमोर धरला असणार, साताऱ्यात अशी बातमी राजवाड्यापासून पोवई नाक्याला पोचायला कितीसा वेळ लागतो.

त्या माणसाच्या जागी जरा उभा राहून बघ. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी बास्केटबॉल शिकवणारा माणूस काय काय करतो ते तू आठ वर्षं जवळून बघितलंयस. उघडं सिमेंटचं कोर्ट, जून ते सप्टेंबर साताऱ्याचा पाऊस, सकाळी पोरं यायच्या आधी वायपरने पाणी काढायचं, फ्री थ्रोच्या लाइनीजवळ खळगा असतो तिथं पाणी साचतंच, तिथं गोणपाट टाकून पायाने दाबायचं, कारण तिथं पाय घसरला की गुडघा गेला. नेट फाटलं की स्वतःच्या पैशाने आणायचं. टुर्नामेंटला जाताना एसटीत पोरांची संख्या मोजायची, कुणाच्या आईचा फोन आला की पोचलो म्हणून सांगायचं. हे सगळं करून तयार केलेला गार्ड एक दिवस जाणार हे प्रत्येक कोचला माहीत असतं, खरं तर तो जावा म्हणूनच चाललेलं असतं. फक्त ते त्याच्या तोंडून ऐकायला मिळावं एवढीच अपेक्षा असते. सर चिडले ते मला तरी पुण्यामुळे वाटत नाही, आपल्याला विचारलं नाही याचं त्यांना लागलंय.

तुला मी ॲलन आयव्हरसनचं वाचायला सांगेन, तुझ्यासारखाच गार्ड, उंची जेमतेम सहा फूट. १९९७ ला लॅरी ब्राउन फिलाडेल्फियाचे कोच झाले आणि तेव्हापासून दोघांचं जमेना. हा प्रॅक्टिसला उशिरा यायचा, दांड्या मारायचा, ते जुन्या शिस्तीचे, शॉट निवडून मार म्हणणारे. २००० च्या उन्हाळ्यात टीमने त्याला डेट्रॉइटला द्यायचं जवळजवळ नक्की केलं, चार टीममधला मोठा सौदा होता, तो फिसकटला तो मॅट गायगर नावाच्या दुसऱ्याच खेळाडूमुळे, त्याच्या करारात ट्रेड झाला तर जादा पैसे असं कलम होतं आणि ते सोडायला तो तयार झाला नाही. म्हणजे ज्या कोचशी भांडण, ज्या टीमने काढायचं ठरवलेलं, तिथंच आयव्हरसनला परत यावं लागलं. तुझ्या वयाच्या पोराने तिथं तोंड फुगवून सीझन काढला असता. त्याने काय केलं, तर पुढच्याच सीझनला तो एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, ब्राउन कोच ऑफ द इयर झाले, टीम ५६ मॅच जिंकली आणि फायनलला गेली, लेकर्सच्या घरी पहिल्या मॅचला त्याने ४८ पॉइंट टाकून जिंकून दिली. पुढं ४-१ ने हरले ती गोष्ट वेगळी.

आणि भांडणं संपली का? नाही. २००२ मध्ये परत प्रॅक्टिसवरूनच वाद, ती पत्रकार परिषद तू पाहिलीच असशील, प्रॅक्टिस प्रॅक्टिस म्हणतो ती. पण २०१६ ला हॉल ऑफ फेमच्या सन्मान सोहळ्यात बोलायला उभा राहिला तेव्हा त्याने ब्राउनचे आभार मानले, म्हणाला की मी ऐकायचो नाही, ऐकायला लागलो तेव्हा कळलं हा माणूस किती मोठा कोच आहे. मला यातलं पटतं ते हे, की दोघांचं एकमेकांवाचून अडत होतं आणि भांडत भांडत का होईना दोघं एका कोर्टवर राहिले, बोलणं तोडलं नाही. तुझं आणि सरांचं भांडण तर एका मॅचचं आहे.

पत्रात मारहाण, आईबहिणीवरून शिव्या, सिलेक्शनसाठी पैसे असलं काही असतं तर मी तुला सरळ सांगितलं असतं की परत पाऊलही टाकू नकोस आणि घरच्यांना घेऊन तक्रार कर. तसं काही नाही म्हणून पुढचं सांगते.

पहिल्यांदा घरी सांग. आज रात्री जेवताना. वीस वर्षांचा पोरगा पुण्यात ट्रायल देऊन येतो आणि आईवडिलांना माहीत नाही, हे सरांच्या भांडणापेक्षा मला जास्त खटकलं. पुण्यात राहायचा खर्च, शेवटच्या वर्षाची परीक्षा, हे त्यांच्याशिवाय ठरणार आहे का? ते नाही म्हणतील या भीतीने तू थांबला असशील, पण ते नाही म्हणाले तर का म्हणाले तेही ऐक, परीक्षेचं म्हणत असतील तर त्यात तथ्य आहे.

मग सरांकडे. फोन नाही, मेसेज नाही, मित्राला मध्ये घालणं नाही, आणि भर प्रॅक्टिसमध्ये सगळ्यांसमोर तर अजिबात नाही. सकाळी पोरं यायच्या आधी जा, त्या वेळी सर एकटे असतात हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. जर्सीची माफी आधी माग आणि तिला 'पण' जोडू नकोस. जर्सी फेकली ते चुकलं सर, एवढंच. ती जर्सी तुझी एकट्याची नव्हती, त्या रंगात अकरा जण अजून होते. मग ट्रायलचं सांग, सगळं सांग, कधी गेलास, कोण काय म्हणालं, किती दिवसांची मुदत आहे. तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं, तेही म्हण. पुण्याला जावंसं वाटतं याची माफी मागू नकोस, ती मागायची गोष्ट नाही. आणि शेवटी बेंचचं विचार, पण असं विचार की सर, चार फाउल होते म्हणून बसवलंत ते कळलं, शेवटच्या मिनिटांत का घेतलं नाहीत? एवढं विचारून गप्प बस, ते काय सांगतात ते पूर्ण होऊ दे. कदाचित म्हणतील समोरच्यांचा गार्ड तुला सारखा पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ नेत होता, कदाचित म्हणतील मी चिडलो होतो. दोन्ही उत्तरं तुझ्या कामाची आहेत.

ते चिडतील, पहिल्या दोन मिनिटांत नक्की चिडतील, तुझं डोकं फिरू देऊ नकोस. आत्ता नको, नंतर ये म्हणाले तर नंतर जा. तोंडच बघायचं नाही म्हणाले तर क्लबमधला कोणी जुना सीनियर असेल ज्याचं सर ऐकतात, त्याला घेऊन परत एकदा जा. तेवढं करूनही काही झालं नाही तर तुझ्या बाजूने करायचं काही राहिलं नाही असं समज.

एनओसीची भीती तुला वाटते ती खोटी नाही. जिल्हा बदलून दुसऱ्याकडून खेळायचं तर आधीच्या जिल्ह्याच्या संघटनेची ना हरकत लागते, ती सरांच्या खिशात नसते पण त्यांच्या शब्दाला तिथं वजन असणारच. म्हणून तर भांडून गेलास तर अवघड होईल म्हणतेय. अर्ज लेखी दे, पोच घे, तारीख टाकून ठेव. आणि एनओसी एकदाची मिळाली म्हणजे इथलं काम संपलं असंही नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, उद्या पोलीस भरती म्हण, एमपीएससी म्हण, तू अर्ज केलास तर तुझी आत्तापर्यंतची सगळी सर्टिफिकेट पडताळणीला जातील आणि तेव्हा त्या स्पर्धांचे कागद याच संघटनेकडून, याच लोकांकडून गोळा करावे लागतील. पाच वर्षांनी फोन केला तर उचलतील एवढं नातं तरी ठेवून जा.

कॉलेजचंही बघ. तू टीवायला आहेस, एका शैक्षणिक वर्षात दोन विद्यापीठांकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येत नाही, त्यामुळे मध्येच कॉलेज बदलायच्या भानगडीत पडलास तर इकडचं पण गेलं आणि तिकडचं पण मिळालं नाही असं होईल. पुण्यावाल्यांना विचार की परीक्षा झाल्यावर जॉइन झालो तर चालेल का, तोपर्यंत शनिवार-रविवारी येतो. सातारा-पुणे ११० किलोमीटर, खंबाटकीला ट्रॅफिक लागलं तरी स्वारगेट काही परदेशात नाही, रोज याहून लांबून लोक नोकरीला जातात. चांगली टीम असेल आणि तू खरंच आवडला असशील तर ते थांबतील. थांबत नसतील तर त्यांना तू नको, या सीझनपुरता एक गार्ड हवाय, हे तरी कळेल.

त्यांना अजून बरंच विचारायचं राहिलंय. तुझ्या जागेवर आधीच किती गार्ड आहेत? तिथं तिसरा गार्ड म्हणून वर्षभर बेंचवर बसणार असशील तर मग साताऱ्याच्या बेंचवर चिडून काय मिळवलंस? राहायचं-खायचं कोण बघणार, फी घेणार की स्टायपेंड देणार, गुडघा-घोटा दुखावला तर खर्च कुणाचा? हे सगळं मेसेजवर तरी लिहून घे, ट्रायलनंतर पाठीवर थाप मारून 'ये तू, बघू' म्हणाले त्या शब्दावर बॅग भरू नकोस.

आणि टीमच्या पोरांना विसरू नकोस. तू गेल्यापासून तुझ्याऐवजी बॉल कोण वर आणतोय, त्यांची पुढची टुर्नामेंट कधी आहे, यातलं एक अक्षर पत्रात नाही. ज्या दिवशी सरांना भेटशील त्या दिवशी किट घेऊनच जा, खेळ म्हणाले तर खेळ, बाहेर बस म्हणाले तर बाहेर बसून धाकट्यांचे बॉल गोळा करून दे. बाकी ती घड्याळवाली स्टोरी हायलाइटला ठेवली असशील तर काढून टाक, आणि पेजवाल्याने परत काही विचारलं तर उत्तर देऊ नकोस.

पंधरापैकी किती दिवस उरलेत तू लिहिलेलं नाहीस, म्हणून पुण्यावाल्यांना आजच मेसेज टाक की घरच्यांशी आणि सरांशी बोलून रविवारपर्यंत कळवतो. सरांशी बोलून, हे शब्द त्यात असू देत.